दिव्यांतील तेल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं थोर पुरुषांचें गुणगान करावें अशी आपली जुनी चाल आहे, आणि ती चांगलीच आहे. ज्यांनीं आपल्यासाठीं कष्ट उपसले त्यांची आठवण न ठेवणारा समाज कृतघ्न होय. परंतु गुणगान करितांना एक गोष्ट आपल्या दृष्टीआड होते. वीरानें किती जणांस तारिलें हें आपण मोजतों. तारितांना त्याचें स्वतःचें काय झालें, व तें तसें होणें अवश्य होतें काय, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आज तोच प्रश्न आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. दुसऱ्यांस वांचविण्याची वीराची तळमळ कधीं कधीं त्याच्याच नाशास कारण होते. आणि तसें झालें म्हणजे ज्यांच्यासाठीं तो झिजला, त्यांचेंही त्यांत नुकसानच होतें, असें माझें म्हणणें आहे.

कोणी म्हणेल, आधींच या जगांत परोपकार थोडा. त्यांत त्यास मर्यादा घालण्याचा उपदेश कशाला? आळशास तेवढेंच निमित्त सांपडावयाचें! शंका रास्त आहे. म्हणून नुसत्या तत्त्वाची चर्चा न करितां, ज्याच्या प्रेमाविषयीं कोणासही संशय घेतां येणार नाहीं अशा एका पुरुषाचें चरित्र मी घेतों. मोलोकाईचे फादर डेमियन यांचें नांव आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकिलें असेल.

जोझेफ डी व्हूस्टर हें त्यांचें मूळ नांव. ३ जानेवारी १८४० रोजीं बेल्जियम देशांतील ट्रेमेलो या खेडेगांवीं, एका शेतकरी कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या नांवानें जो संघ चालतो, त्यांत वडील बंधु पाम्फिल यांच्या मागोमाग त्यांनींही प्रवेश केला. हवाई बेटांत मिशनकार्यास जाण्याची पाळी वस्तुतः पाम्फिल यांची होती. परंतु ते आजारी पडले, आणि धाकट्यानें त्यांची जागा मागून घेतली. १९ मार्च १८६४ रोजीं ते होनोलुलू बंदरांत उतरले व त्याच वर्षीं २१ मे रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. भावाच्या जागीं आपण उभें राहावें, ही त्यांच्या चरित्रांतील पहिली मोठी गोष्ट. पुढील सारें चरित्र हा तिचाच विस्तार होय.

त्या काळीं हवाई बेटांत कुष्ठरोगाचा प्रसार फार झाला होता. १८६५ सालीं तेथील राजसत्तेनें कायदा करून रोग्यांस इतर लोकांपासून वेगळें काढण्याचें ठरविलें, आणि १८६६ च्या जानेवारींत पहिली तुकडी मोलोकाई बेटावर पोंचविण्यांत आली. ती जागाच तुरुंगासारखी. तीन बाजूंस खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूस दीड-दोन हजार फूट उंचीचा तुटलेला कडा. नवऱ्यापासून बायको, आईपासून मूल ओढून तेथें नेऊन सोडीत. सरकारकडून अन्नवस्त्र येई, परंतु तें नेहमीं अपुरें असे. गवताच्या झोंपड्या, अशुद्ध पाणी, वैद्य नाहीं, परिचारिका नाहीं, आणि मरणाशिवाय दुसरी सुटका नाहीं.

या वसाहतींत धर्मगुरु पाठवावा कीं नाहीं, याची चिंता बिशप मैग्रे यांस होती. एकाच माणसास तेथें कायमचें घालणें त्यांच्या जिवावर येत होतें. १८७३ सालीं चार तरुण धर्मगुरु पुढें आले, आणि त्यांनीं पाळीपाळीनें तेथें जावें असें ठरलें. ही योजना आपण ध्यानांत ठेवावी, कारण माझ्या विषयाची किल्ली तिच्यांतच आहे. पहिली पाळी फादर डेमियन यांची लागली. १० मे १८७३ रोजीं ते मोलोकाईवर उतरले. पहिल्या कांहीं रात्रीं त्यांनीं केतकीच्या जातीच्या एका झाडाखालीं काढिल्या. आणि थोड्याच दिवसांत वरिष्ठांस कळविलें कीं, मला येथेंच राहूं द्यावें. तिकडे होनोलुलूच्या एका वर्तमानपत्रानें त्यांस ख्रिस्ती वीर म्हणून गौरविलें. चौघांची पाळी तेथेंच संपली. चौघांचें ओझें एकाच्या खांद्यावर आलें. त्यानें तें आनंदानें घेतलें, आणि साऱ्यांनीं सुटकेचा श्वास टाकिला.

पुढील सोळा वर्षांत त्या एका पुरुषानें जें केलें तें सांगूं गेल्यास रात्र पुरणार नाहीं. त्यांनीं घरें बांधिलीं, देऊळ वाढविलें, दुरून नळ घालून गोडें पाणी आणिलें, अनाथ मुलांस आसरा दिला, गाणाऱ्यांचा ताफा उभा केला. शेंकडों शवपेट्या आपल्या हातांनीं ठोकल्या व थडगीं खणिलीं. सडलेल्या जखमा धुतल्या. रोग्यांबरोबर एकाच भांड्यांत बोटें घालून जेवले, आणि आपली चिलीम त्यांच्या हातीं दिली. रोग जडण्याच्या कितीतरी आधींपासून प्रवचनांत ते श्रोत्यांस बंधुजन न म्हणतां “आपण कुष्ठरोगी” असें म्हणत. ज्यांस जगानें स्पर्श नाकारला होता, त्यांस या शब्दानें काय वाटलें असेल याची कल्पना करावी.

परंतु बंधुभगिनींनो, या शब्दांत जितकें प्रेम आहे तितकाच धोका आहे. विहिरींत पडलेल्यास काढणाऱ्यांचा अनुभव विचारा. बुडणारा मनुष्य हातीं लागेल त्यास मिठी मारितो. म्हणून जाणता पोहणारा आधीं दोर टाकितो, आणि उडी घेणेंच भाग पडलें तर मागून जाऊन धरितो. तो भितो म्हणून असें करीत नाहीं. कांठावर कोणी उरलें नाहीं तर वर ओढणार कोण, हें तो जाणतो. ज्यास तारावयाचें त्याच्यांत व आपल्यांत कांहींच अंतर ठेवावयाचें नाहीं असा निश्चय ज्यानें केला, त्याचें प्रेम मोठें खरें. पण त्यानें दोर सोडिला.

१८८४ च्या डिसेंबरांत फादर डेमियन यांनीं दमून भागून कढत पाण्यांत पाय घातले. कातडीस फोड आले, पण वेदना झाली नाहीं. त्याचा अर्थ काय, हें सांगण्यास त्यांस वैद्याची जरूर नव्हती. १५ एप्रिल १८८९ रोजीं, पवित्र सप्ताहांतील सोमवारीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोणत्या दिवशीं, कोणत्या स्पर्शानें रोग आला, हें कोणीही सांगूं शकणार नाहीं. ज्या १८७३ सालीं ते मोलोकाईवर उतरले, त्याच सालीं नॉर्वे देशांत डॉक्टर हॅन्सेन यांनीं या रोगाचा जंतु शोधून काढिला. पुढील वैद्यकानें असें ठरविलें आहे कीं, हा रोग फारसा संसर्गजन्य नाहीं, बहुसंख्य मनुष्यांस त्याच्याशीं झुंजण्याची उपजत शक्ति असते, आणि त्याचें बीज शरीरांत वर्षानुवर्षें सुप्त राहूं शकतें. म्हणून त्यांनीं आपल्या निष्काळजीपणानेंच मरण ओढवून घेतलें, असा आरोप करण्यास मी उभा नाहीं. ज्या हानीकडे मी बोट दाखवितों ती याहून वेगळी आहे, आणि तीस रोगाचा जंतु कारण नव्हता.

पहिली हानि एकाकीपणाची. वसाहतीच्या बाहेर पाऊल टाकूं नये असा निर्बंध आरंभीं त्यांच्यावर पडला. त्यांचे वरिष्ठ एकदां आगबोटींतून आले असतां, त्यांस किनाऱ्यावर उतरण्याची आणि डेमियन यांस बोटीवर चढण्याची बंदी होती. तेव्हां हे होडींत उभे राहिले आणि सर्व लोकांदेखत, फ्रेंच भाषेंत, मोठ्यानें ओरडून त्यांनीं आपलें पापनिवेदन केलें. शेंकडोंच्या जखमांवर पट्ट्या बांधणाऱ्यास स्वतःची जखम दाखविण्यास एक माणूस जवळ नव्हता. पुढें दोन धर्मगुरु मदतीस आले, पण दोघांशींही त्यांचें जमलें नाहीं. दोष दोन्हीकडे असतील. तथापि ज्यानें सारें एकट्यानें वाहण्याची संवय लावून घेतली, त्यास दुसऱ्याच्या हातांत कांहीं देणें फार कठीण जातें, हा मनुष्यस्वभाव आहे. एक काम हातावेगळें होण्यापूर्वींच ते दुसऱ्याकडे धांवत. रोग जडल्यावर हा वेग वाढला. १८८६ सालीं उपचारासाठीं होनोलुलूस गेले, आणि थोड्याच दिवसांत परतले.

दुसरी हानि इतरांची. तेथें एक वीर आहे, एवढें कळल्यावर जगास निश्चिंत झोंप लागते. पाळीनें जाणारे उरलेले तिघे, सरकारचें आरोग्यमंडळ, दूरदूरचे भाविक, या सर्वांस डेमियन यांच्या थोरपणानें जणूं रजा मिळाली. परिचारिका भगिनींचें पाऊल त्या वसाहतींत पडण्यास पंधरा वर्षें लागलीं. वीराचा त्याग जितका मोठा, तितकी बघ्यांची जबाबदारी लहान होते. म्हणून वीराच्या नाशाचा हिशेब मांडितांना त्याच्या एकट्याच्या नांवावर सारी रक्कम लिहिणें अन्यायाचें आहे. त्यास टाळ्या देणाऱ्यांचीही त्यांत भागी असते.

आतां दुसरें चित्र पाहा. १८८३ सालीं हवाईच्या राजाच्या वतीनें कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं भगिनी मागविण्यांत आल्या. पन्नासांहून अधिक संघांस पत्रें गेलीं. होकार एकीनेंच दिला. त्या मदर मरियान कोप. जन्म जर्मनींतील, पण बालपणापासून अमेरिकेंत वाढलेल्या. न्यूयॉर्क राज्यांतील सिराक्यूज येथें इस्पितळाचा कारभार त्यांनीं प्रत्यक्ष चालविला होता. सहा भगिनींस घेऊन ८ नोव्हेंबर १८८३ रोजीं त्या होनोलुलूस आल्या. डेमियन उपचारास गेले तेव्हां त्यांची शुश्रूषा यांनींच केली, आणि १८८८ च्या नोव्हेंबरांत त्या मोलोकाईवर राहावयास गेल्या. मरणाच्या दारीं असलेल्या फादरांस त्यांनीं वचन दिलें कीं, तुमच्या मुलांची चिंता करूं नका, त्यांचें आम्हीं पाहूं.

मदर मरियान यांची रीति कशी होती? हात धुण्याविषयीं व स्वच्छतेविषयीं त्यांचा नियम कडक असे. कामाची वांटणी, प्रार्थनेची वेळ, विश्रांतीची वेळ, सर्व ठरलेलें. आपल्यांपैकीं एकीसही हा रोग होणार नाहीं असें त्यांनीं भगिनींस सांगितलें होतें. आणि एकीसही झाला नाहीं. याचें सारें श्रेय हात धुण्यास देतां येणार नाहीं, उपजत प्रतिकारशक्तीचा भाग त्यांत असेलच. परंतु सेवकाचा देह हाही जपण्याजोगा ठेवा आहे, ही वृत्ति त्या नियमांत होती. त्या प्रेमांत कोठें कमी पडल्या काय? त्यांनीं मुलींस नीटनेटके कपडे दिले, शिवणकाम शिकविलें, त्या उजाड जागेंत झाडें व फुलें लाविलीं. तीस वर्षें त्यांनीं तेथें सेवा केली, आणि ९ ऑगस्ट १९१८ रोजीं, ऐंशीं वर्षांच्या होऊन, त्यांनीं डोळे मिटले. तसेच जोझेफ डटन हे गृहस्थ. धर्मगुरु नसतांही १८८६ सालीं ते डेमियन यांच्या मदतीस आले, त्यांचीं अर्धवट राहिलेलीं कामें शांतपणें पुरीं करीत राहिले, आणि चव्वेचाळीस वर्षें सेवा करून १९३१ सालीं वारले.

या दोघांचा दाखला देऊन डेमियन यांस उणें लेखण्याचा माझा हेतु नाहीं. डटन आले ते डेमियन यांची कीर्ति ऐकूनच. एकानें आग पेटविली, दुसऱ्यांनीं ती चुलींत राखिली. घरास दोन्ही लागतात. ख्रिस्तसभेनेंही दोघांस एकाच पंक्तीस बसविलें आहे. डेमियन यांस ११ ऑक्टोबर २००९ रोजीं आणि मदर मरियान यांस २१ ऑक्टोबर २०१२ रोजीं संतपद मिळालें. शिवाय एका पाद्र्यानें डेमियन यांची निंदा केली असतां, इंग्रज भाषेंतील प्रसिद्ध लेखक स्टीव्हन्सन यांनीं १८९० सालीं त्यास उघड पत्रानें उत्तर दिलें. त्या पत्रांत त्यांनीं फादरांचे दोष झांकिले नाहींत. दोष सांगूनही पूज्यभाव राखतां येतो, हा धडा त्यांनीं घालून दिला आहे, व त्याच वाटेनें मी जात आहें.

तर मग आत्मसमर्पण कोणतें आणि आत्मनाश कोणता? पवित्र शास्त्रांत याचें उत्तर आहे. संदेष्टा एलिया कार्मेल डोंगरावरील विजयानंतर रानांत पळाला, एका झुडुपाखालीं पडला, आणि मला मरण येवो असें म्हणूं लागला. देवानें त्यास रागें भरलें नाहीं, कीं त्याग आणखी वाढीव असेंही सांगितलें नाहीं. आधीं त्यास झोंपूं दिलें. मग भाकर व पाणी दिलें. पुन्हां झोंपूं दिलें. पुढें, मी एकटाच उरलों आहें असें तो म्हणाला, तेव्हां देवानें त्यास सांगितलें कीं, सात हजार अजून शिल्लक आहेत. आणि मदतीस अलीशा दिला. मी एकटाच उरलों आहें, हा तारकाचा नेहमींचा भ्रम असतो. तो भ्रम पुष्कळदां प्रेमांतून निघतो, पण त्याच्या मुळाशीं कोठेंतरी अभिमानाचा एक तंतु असतो. आपणांवांचून जग चालत नाहीं असें वाटणें गोड असतें. तें सुख ज्यास एकदां लागलें, त्यास विसांवा म्हणजे जणूं शिक्षा होते.

प्रभु येशूनें स्वतः काय केलें? रोग्यांची गर्दी दारीं असतांही तो एकांतांत प्रार्थनेस गेला. वादळांत तो नौकेंत झोंपला होता. लोकांनीं दगड उचलले तेव्हां तो त्यांच्यामधून निघून गेला. आपला समय आला तेव्हां त्यानें प्राण दिला, आणि समय येईपर्यंत तो राखिला. दहा कुमारींच्या दाखल्यांत ज्यांनीं आपल्या दिव्यांतील तेल वांटून देण्यास नकार दिला, त्यांस तो शहाण्या म्हणतो. हा दाखला सावध राहण्याचा आहे खरा. तथापि सर्वांचेच दिवे मध्यरात्रीं विझावे यांत वराचा कोणता मान आहे, हेंही त्यावरून उमजतें.

आपली सेवा कोणत्या वाटेनें चालली आहे, हें ओळखण्याच्या तीन खुणा सांगतों. पहिली: सेवकास मदत घेतां येते काय? ज्यास देतां येतें पण घेतां येत नाहीं, त्यानें सावध व्हावें. दुसरी: ज्यास तारिलें तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो काय? आपल्याच प्रांतांत, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं स्थापिलेल्या संस्थेचें आनंदवन आहे. तेथें कुष्ठरोग्यांनीं स्वतः जमीन कसली, विहिरी खणिल्या, घरें बांधिलीं. वांचलेलाच पुढें वांचविणारा झाला, ही खऱ्या तारणाची खूण. तिसरी: सेवक आपल्या देहाविषयींचें सत्य ऐकून घेतो काय? ताप आला असतां तो ताप आहे असें म्हणतो, कीं लपवितो?

आणखी एक गोष्ट. हा रोग अखेर कोणी जिंकिला? १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथील रुग्णालयांत सल्फोन जातीच्या औषधाचा गुण दिसून आला. १९४६ सालीं तें मोलोकाईस पोंचलें. १९६९ सालीं हवाईतील सक्तीच्या एकांतवासाचा कायदा गेला. आणि १९८१ पासून अनेक औषधांचा मिळून जो उपचार रूढ झाला, त्यानें रोगी पूर्ण बरा होतो. जंतु शोधणारे, औषध घडविणारे, गांवोगांव तें पोंचविणारे अशा असंख्य हातांचें हें काम. त्यांतील बहुतेकांचे पुतळे नाहींत. रात्रीं ते घरीं जाऊन झोंपत, आणि सकाळीं पुन्हां कामावर येत.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे वळतों. येथें मोलोकाई नाहीं. पण सारें घर एकटी ओढणारी आई आहे. भावंडांची शिक्षणें व्हावीं म्हणून स्वतःचें आयुष्य बाजूस ठेवणारा थोरला आहे. रात्रपाळी करून परत शेजारच्या आजाऱ्याजवळ बसणारी परिचारिका आहे. लग्न, मयत, उपासना, भांडण या सर्वांस एकटेच पुरे पडणारे धर्मगुरु आहेत. त्यांचें आपण फार कौतुक करितों. त्यांच्यापैकीं कोणी एके दिवशीं कोसळला म्हणजे आपण म्हणतों, केवढा थोर जीव! आणि शवपेटीस खांदा देण्यास गर्दी करितों. मेल्यावर खांदा देण्यापेक्षां जिवंतपणीं हात द्यावा. ज्याच्या गळ्यांत आज हार घालणार, त्याच्या डोक्यावरील ओझ्याचें एक टोंक उद्यां सकाळीं आपण उचलणार काय, असें प्रत्येकानें मनाशीं विचारावें.

आणि ज्यांच्या अंतःकरणांत तारण्याची ती तळमळ आहे, त्या वीरांस माझी हात जोडून विनंति आहे. जगास तारणारा एकच आहे, आणि तो आपण नव्हे, हें कळणें यांत कमीपणा नाहीं. मोठी सुटका आहे. चौघांची पाळी चौघांसच राहूं द्या. आपल्या हातचें काम दुसऱ्यास शिकवा, त्याच्या हातून तें थोडें वांकडें झालें तरी चालूं द्या, आणि रात्रीं दिवा मालवून स्वस्थ झोंपा. वर येईल तेव्हां आपला दिवा जळत असलेला त्यास दिसावा.